काकणभर जास्त

फेब्रुवारीच्या मध्यावर बैकाल एकदाचं घट्ट होतं.
बर्फ हातभर जाड झाला की ट्रक उतरतात,
मागून लाकडी खोल्या, शेगड्या,
सेसेग्माची सूपची पातेली
आणि माझं विंच,
ज्याच्या ब्रेकला या थंडीत तेल पुरत नाही, शिव्याही लागतात.

पन्नास दिवस मिळतात. एप्रिलात बर्फ ओरडायला लागतो.
वडील घरून फोनवर विचारतात, कसा वाजतोय?
मी फोन बर्फावर धरतो.
ते ऐकतात. म्हणतात, अजून आठवडा आहे.
रिम्माकडे याच कामाचं यंत्र आहे. तेही बहुधा आठवडाच म्हणतं.

काचेचे गोळे, कलिंगडाहून मोठे,
प्रत्येकाच्या आत एक डोळा, खाली वळवलेला.
एका दोराला छत्तीस.
विहिरीत घागर सोडावी तसे मी ते सोडतो,
किलोमीटरभराहून खोल.
ही घागर वर काही आणत नाही.
अंधारात लटकते आणि बघते.

काय बघते? पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
आकाश, रिम्मा म्हणाली.
मी वर पाहिलं.
तिकडे नाही. खाली.
पायाखाली पृथ्वी, आणि पृथ्वीच्या पलीकडे
दुसऱ्यांचं आकाश.
तिथून जे अख्खी पृथ्वी ओलांडून येईल,
खडक, वितळलेलं लोखंड, कुणाची झोप, कुणाचं थडगं,
कशालाही न शिवता,
तेवढंच आपल्याला हवंय.
बाकीचं सगळं पृथ्वी गाळून घेते.
चहासारखं, ती म्हणाली. गाळणं फक्त
बारा हजार किलोमीटर जाड.

न्यूट्रिनो.
ट्रकमध्ये एकटा असलो की मी हा शब्द म्हणून बघतो.
आत्ता, ही ओळ वाचेपर्यंत,
तुमच्या अंगठ्याच्या नखातून अब्जावधी गेले.
जाऊ देत. ते सूर्याचे, घरचेच.
रिम्माला हवाय तो,
जो कुठल्याशा दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर
आधाशासारखं जेवत असताना
त्याच्या तोंडातून सांडला.

गेल्या वर्षी, अकरा मार्चला, पहाटे,
एकोणीस गोळ्यांनी ओळीनं एकच गोष्ट पाहिली.
निळी रेघ. खालून वर.
सेकंदाचे दहा लाख तुकडे केले
तर त्यातल्या दोनेक तुकड्यांत उमटली आणि विझली.
मी तेव्हा झोपलो होतो, बरोबर तिच्या वर.

रिम्मानं शाळेतला पृथ्वीगोल आणला, विणायची सुई घेतली.
इथून शिरला. पॅटागोनिया, मेंढ्यांचा मुलुख.
सुई प्लास्टिकमधून आरपार जाईना. वाकली.
चार अब्ज वर्षं चालत होता, ती म्हणाली,
आणि काहीच झालं नाही त्याला.
मग आपल्या तळाच्या दगडाशी आला
आणि संपला.
इथंच का?
वाकडी सुई सरळ करता करता ती म्हणाली,
कारण नसतं.

शिवाय तो तो नसेलही. आपल्याच हवेत जन्मलेला
कुणी तोतया असेल.
तीन महिने गणित चाललं.
अस्सल असण्याची शक्यता बावन्न टक्के.
अर्ध्याहून काकणभर जास्त.
सेसेग्मा पातेलं घासता घासता हसली,
एवढ्यावर तर कुणी लग्नसुद्धा करत नाही.
मी म्हटलं, मी केलं.

यंदा नवा दोर.
पाडलेलं भोक बैकाल रात्रीतून शिवून टाकतं,
सकाळी पुन्हा करवत.
पहिला गोळा बुडण्याआधी मी अनामिकेनं
दूध शिंपडतो चारी दिशांना,
वडील शिंपडायचे तसं.
रिम्मा तेवढा वेळ वहीत डोकं घालते.
आज शिंपडून झालं, मी वाटी पालथी करणार,
तर मान वर न करता म्हणाली,
गाल्सान,
खाली राहिलं.